आपोआप आभार

ग्राहकाचे मत हा व्यवसायाचा पाया असतो, असे अर्थशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. तरीही ते सर्वमान्य आहे. घराचा पाया जमिनीखाली असतो आणि व्यवसायाचा पोस्टखाली, एवढाच काय तो फरक. घर उभे राहिले की त्याच्या पायाकडे कुणी बघत नाही. पोस्टखालच्या पायाकडे मात्र लोक घर न बघताच बघतात.

भोरच्या पद्मजाताई लिमये यांना हे जरा उशिरा कळले. तोवर त्या पापड विकत होत्या.

पद्मजाताई कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्या तेव्हा त्यांच्यापुढे दोन मार्ग होते. घरी बसून पती नारायणराव यांचे बोलणे ऐकणे, हा एक. आणि गृहउद्योग हा दुसरा. त्यांनी विचार करायला फारसा वेळ घेतला नाही. नाचणीचे पापड, गव्हाच्या कुरडया आणि हंगामात हातसडीचा तांदूळ एवढा माल, आणि 'नीराकाठ' हे नाव. पापड लाटायची विंझर गावची रत्ना आणि तिच्या आळीतल्या चार बायका. नाचणी दळून यायची मार्गासनीच्या ज्ञानूच्या गिरणीतून. पाकिटे भरणे, त्यांवर नावाची चिठ्ठी चिकटवणे आणि मोबाईलवर फोटो टाकणे ही कामे पद्मजाताईंची. फोटोत पापड नेहमी किंचित वाकडा यायचा. पण पापड सरळ असतो असा कुणाचाच दावा नसल्यामुळे ते खपून गेले, आणि पापडही.

सुरुवातीला फोटोखाली फार काही नसे. एखादी मैत्रीण अंगठा दाखवून जाई (पूर्वी हा अपमान समजला जात असे). एखादी भाची 'मस्तच मावशी' म्हणे. ऑर्डरी फोनवर येत, पुण्याला टेम्पोने पाकिटे जात, आणि संध्याकाळी पद्मजाताई चहा पीत शांत बसत. ही शांतता धंद्याला मारक आहे, हे त्यांना सौमित्रने सांगितले.

सौमित्र हा डिजिटल सल्लागार. एसटी स्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानावर त्याचे कार्यालय आहे. वय चाळिशीचे, दाढी कोरलेली, आणि बोलताना तो हवेत दोन बोटांनी काहीतरी मोठे करून दाखवतो.

"काकू, पोस्ट म्हणजे दुकान," तो म्हणाला, "आणि कमेंट म्हणजे दुकानासमोरची गर्दी. गर्दी दिसली की माणूस थांबतो. आत काय आहे ते त्याला नंतर कळलं तरी चालतं."

"पण गर्दीतलं कुणी वेडंवाकडं बोललं तर?"

"बोलू दे की. तेवढीच गर्दी."

मग त्याने एक सोय करून दिली. कुणी काहीही लिहिले की त्याखाली आपोआप उत्तर उमटायचे: 'आपल्या मौल्यवान अभिप्रायाबद्दल मनःपूर्वक आभार. असाच लोभ असू द्या. – टीम नीराकाठ.' (टीममध्ये पद्मजाताई आणि पाकिटांची तोंडे चिकटवायचे यंत्र एवढेच सभासद होते.) पद्मजाताईंना ही सोय आवडली. आयुष्यभर त्यांनी ओठांवर बोट ठेवून लोकांना गप्प केले होते. आता त्यांच्या वतीने कुणीतरी परस्पर गोड बोलणार होते.

गर्दी वाढली. सौमित्रने काढलेल्या आकडेवारीनुसार दर शंभर अभिप्रायांमध्ये साठ जण फक्त 'किंमत?' असे विचारत (किंमत पोस्टच्या पहिल्याच ओळीत असे). वीस जण गुलाबाच्या फुलासह शुभ सकाळ सांगत, तेही बहुधा दुपारी. आठ जण विनातारण कर्ज देऊ करत, चार जण रुसलेली प्रेयसी घरबसल्या परत आणून देत, आणि एका गृहस्थांचे खोंड हरवले होते. उरलेल्यांना वेल्ह्याची संध्याकाळची एसटी आज येणार आहे की नाही, हे जाणून घ्यायचे असे. पापडाविषयी बोलणारे एखाद-दुसरे कुणी आढळले, तर ते वाट चुकून आले असावेत असे समजायला हरकत नव्हती. सर्वांचे सारखेच मनःपूर्वक आभार मानले जात. खोंड हरवलेल्या गृहस्थांनाही असाच लोभ असू द्यायला सांगितले गेले.

यात 'सह्याद्रीचा वारा' या नावाने लिहिणारे एक गृहस्थ होते. त्यांच्यामुळे सुरुवातीला फार सोय झाली. एसटीविषयी कुणी विचारले की वारा तत्काळ उत्तर देई: 'गाडी नसरापूरला उभी आहे. चालक चहा घेत आहेत. काळजी नसावी.' लोकांना एसटीच्या चौकशीच्या खिडकीपेक्षा पद्मजाताईंचा पापड जास्त भरवशाचा वाटू लागला. पद्मजाताईंनाही बरे वाटे. आपल्या हातून काहीतरी सार्वजनिक कार्य घडते आहे, असे त्या मैत्रिणींना सांगत.

पण जो माणूस लोकांना उपयोगी माहिती देतो आणि ज्याला त्याबद्दल नियमाने आभार मिळतात, तो माहितीवर फार दिवस थांबत नाही. तो मतांकडे वळतो. वारा आधी पावसाविषयी लिहू लागला, मग भोरच्या बाजारातल्या भाजीविषयी, आणि मग एकदा त्याने लिहिले: 'मार्गासनीच्या गिरणीत नाचणी आणि कोंबड्यांचे खाद्य एकाच जात्यावर दळतात, असे ऐकिवात आहे. ग्राहकांनी नोंद घ्यावी.'

खाली आपोआप उमटले: 'आपल्या मौल्यवान अभिप्रायाबद्दल मनःपूर्वक आभार. असाच लोभ असू द्या.'

पद्मजाताईंना हे वाचून कसेतरीच झाले. ज्ञानूच्या गिरणीत त्या स्वतः जाऊन आल्या होत्या. तिथे कोंबडी म्हणून एकच होती, आणि तीही शेजारची. मजकूर काढून टाकावा म्हणून त्यांनी मोबाईल हातात घेतला, तेवढ्यात नारायणराव म्हणाले, "काय करतेस?"

"पुसतेय हे."

"पुसायचं नाही," नारायणराव म्हणाले.

नारायणराव तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते. आलेला कागद चूक असो, बरोबर असो, उंदराने अर्धा खाल्लेला असो, तो दप्तरी राहिला पाहिजे, यावर त्यांची श्रद्धा होती. कागद फाडण्याचा प्रसंग नोकरीत त्यांच्यावर एकदाच आला होता, आणि तोही वरिष्ठांच्या लेखी आदेशाने. त्या आठवणीने त्यांचा आवाज अजून खाली येतो.

"आज हे पुसशील, उद्या ते पुसशील. लोक म्हणतील, बाई सोयीचं तेवढं ठेवतात. आलेलं राहू द्यावं. ज्याला शंका आहे त्याने अर्ज करावा."

पद्मजाताईंनी ते राहू दिले. सौमित्रचेही मत घेतले. तो म्हणाला, त्या पोस्टची रीच (म्हणजे ती बघणाऱ्यांची संख्या) तिप्पट झाली आहे. एक दप्तरदार आणि एक सल्लागार एकाच बाजूला आल्यावर बाईमाणसाने आणखी काय करायचे?

ज्ञानूच्या गिरणीत पुढच्या बाजाराच्या दिवशी नाचणीची गिऱ्हाइके कमी आली. मात्र दोन पोल्ट्रीवाले येऊन कोंबडीखाद्य दळून मिळेल का, म्हणून विचारून गेले. ज्ञानूला आधी काही कळेना. कळले तेव्हा तो भोरला वकिलाकडे गेला, आणि पद्मजाताईंना नोटीस आली.

नोटिशीत म्हटले होते की, सदर बदनामीकारक मजकूर आपल्या पानावर प्रसिद्ध झाला. आपण त्याबाबत केवळ मौन बाळगले असे नसून लेखकाचे मनःपूर्वक आभार मानले. तसेच मजकुरास 'मौल्यवान' असे संबोधून त्याच्या सत्यतेस पुष्टी दिली आणि 'असाच लोभ असू द्या' अशा शब्दांत लेखकास पुढील बदनामीसाठी प्रोत्साहन दिले.

नारायणरावांनी चष्मा पुसून नोटीस दोनदा वाचली. "मसुदा चांगला आहे," ते म्हणाले. "'प्रोत्साहन' अगदी मोक्याला टाकलंय. हल्ली असं लिहिणारे राहिले नाहीत."

"अहो, आता तरी काढू का ते?"

"आता तर अजिबात नाही. आता तो पुरावा झाला."

म्हणजे नोटीस येण्यापूर्वी मजकूर काढायचा नव्हता, कारण तो दप्तर होता. आणि नोटीस आल्यावर काढायचा नव्हता, कारण तो पुरावा होता. मजकूर काढण्याजोगा जो काही काळ होता, तो पोस्टमनच्या पिशवीत निघून गेला असावा.

सौमित्रला फोन केला तर तो खुश झाला. "काकू, ज्याला रीच नाही त्याला नोटीस येत नाही," तो म्हणाला. पद्मजाताईंनी फोन ठेवला. कॉलेजातल्या इतक्या वर्षांत त्यांना साधा मेमोही आला नव्हता.

तरीही नोटीस कागदावर होती. कागदाशी कसे वागायचे हे घरात एकाला तरी माहीत होते. पुढचे जे घडले, त्याला कागद नव्हता.

वाऱ्याने लिहिले: 'नीराकाठचे नाचणीचे पापड तळताना कढईत फेस येतो. धुण्याच्या पावडरीशिवाय असा फेस येत नाही. लाटणाऱ्या बायका विंझरच्या आहेत. जाणकारांना अधिक सांगणे न लगे.'

त्याखाली आभार उमटले. आणि आभारांच्या खाली जाणकार जमले. एकाने लिहिले, 'आमच्याकडेही आला होता फेस.' दुसऱ्याने विचारले, 'कोणती पावडर?' तिसऱ्याचा अंदाज होता की निळ्या पाकिटातली असावी, कारण पांढऱ्या पाकिटातलीला एवढा फेस येत नाही. एका बाईंनी लिहिले, 'मी अजून खाल्ला नाही, पण मला वाटलंच होतं.' पुण्याच्या कुणीतरी पोट साफ होत असल्याचे कळवून समाधान व्यक्त केले. प्रत्येकाचे स्वतंत्रपणे आभार मानण्यात आले.

त्या आठवड्यात विंझरहून पापडांची गोणी आली नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. रत्ना फोन उचलेना. टेम्पोवाला म्हणाला, "न्हाई दिली गोनी. म्हनली, भोरच्या बाईंना सांग, माल संपला." पावसाळा तोंडावर होता आणि पापड उन्हातच वाळतात, त्यामुळे माल संपला या वाक्याचा अर्थ वर्ष संपले असा होता. पण पद्मजाताईंना आधी आठवली ती रत्ना. पहिल्या खेपेला तिने पापडांच्या चवडी सुती धडप्यात बांधून स्वतः आणल्या होत्या, आणि त्यातला एकही मोडला नव्हता.

नसरापूरला गाडी बदलून पद्मजाताई विंझरला गेल्या.

रत्ना अंगणात तांदूळ पाखडत होती. तिने सूप खाली ठेवले, घोंगडी टाकली, पाणी आणून दिले. राग आहे म्हणून पाणी द्यायचे नाही, अशी पद्धत त्या घरात नव्हती.

"ताई, कशाला आला एवढ्या लांब?"

"तू फोन उचलत नाहीस म्हणून आले."

"उचलून काय बोलायचं? नळावर बाया मला इचारत्यात, रत्ना, हात लई मऊ दिसत्यात, कंची पावडर वापरतीस? हसत्यात. हसू द्या. पन माहेरास्नं भावाचा फोन आला. म्हनला, खरं हाय का? माझा भाऊ इचारतोय मला."

"मी नाही लिहिलं ते, रत्ना. कुणीतरी परक्याने लिहिलंय."

"त्ये दिसतंय मला. सुनंनं दावलं. पन त्येच्या खाली तुमी आभार मानल्यात."

"ते मी नाही मानले. ते आपोआप मानले जातात. यंत्र आहे त्यात."

रत्नाने यावर थोडा विचार केला. "आपोआप आभार," ती म्हणाली. "माझ्या सासूनं साऱ्या हयातीत कुनाचं ठरवून बी आभार मानलं न्हाईत." मग तिने सूप पुन्हा उचलले. "तुमच्या दारात उभं राहून कुनी मला असं बोललं असतं, तर तुमी गप बसला असता का?"

"नसते बसले."

"मंग हितं का बसला? हे बी तुमचंच दार हाय न्हवं? यंत्राला आभार मानता येत्यात, तर पापड बी त्येच्याकडूनच लाटून घ्या."

दप्तर, पुरावा, रीच हे सगळे शब्द पद्मजाताईंकडे होते. पण त्या अंगणात त्यांतला एकही काढून दाखवण्यासारखा वाटला नाही. त्या म्हणाल्या, "चुकलं माझं."

तिने सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग रत्ना म्हणाली, "त्यो कोन हाय त्येचं तोंड बघायचंय मला. बोलनार न्हाई काय. नुसतं बघायचंय. माझ्याम्होरं बसून त्यानं एक पापड खाल्ला पायजे."

पद्मजाताईंनी तिथेच मोबाईल काढला आणि वाऱ्याला पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने लिहिले: 'आपण कुठे राहता? आपल्याला भेटायचे आहे.'

खोट्या नावाने लिहिणाऱ्यांचा पत्ता लागत नाही, अशी सर्वत्र तक्रार असते. तो त्यांनाच विचारून बघितल्याचे मात्र फारसे ऐकिवात नाही. वाऱ्याने लगेच उत्तर दिले: 'अवश्य यावे. भोर, मारुतीच्या देवळामागची गल्ली, जास्वंदीचे कुंपण. येताना चहा घेऊन येऊ नये, इथेच होईल. आपला, मानसिंग.'

ती गल्ली पद्मजाताईंच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होती.

पद्मजाताई रत्नाला घेऊन पोचल्या तेव्हा मानसिंगराव वाट बघत दारातच उभे होते. इस्त्रीचा लेंगा-सदरा, मऊ आवाज, चपला काढू नका म्हणून आग्रह. एसटीच्या भोर आगारात ते वाहतूक नियंत्रक होते; गाड्या सोडणे आणि भोंग्यावरून त्यांची घोषणा करणे, हे त्यांचे काम. आता निवृत्त होते. त्यांनी दोघींना पंख्याखाली बसवले. त्यांच्या पत्नीने चहा आणला, आणि चहाबरोबर बशीत तळलेले नाचणीचे पापड.

रत्नाने पापड लगेच ओळखला. कडेला तिच्या लाटण्याची किंचित लाट असते.

मानसिंगरावांनी एक उचलून मोडला आणि खाल्ला. रत्ना त्यांच्याकडे बघत राहिली.

"चांगला हाय का?" तिने विचारले.

"उत्तम. आम्ही दुसरे आणतच नाही."

"म्या रत्ना. विंझरची. हे म्या लाटल्यात."

मानसिंगरावांनी उरलेला तुकडा बशीत ठेवला. हा योगायोग आहे की आणखी काही, हे त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटत गेले.

"मंग त्ये पावडरीचं?"

"ते... निरीक्षण होतं," ते म्हणाले. "कढईत फेस येत होता."

"तापल्या त्येलात वला चमचा टाकला तरी फेस येतो," रत्ना म्हणाली.

"हो. हिनेही तेच सांगितलं नंतर."

आतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, "तेव्हाच सांगितलं होतं."

"मग पुसलं का नाहीत?" पद्मजाताईंनी विचारले.

"आभार आले होते ना तुमचे. मनःपूर्वक म्हणून. आभार आल्यावर लिहिलेलं मागे घेणं बरं दिसत नाही." मानसिंगराव म्हणाले. "ताई, सगळी नोकरी भोंग्यावर ओरडण्यात गेली. महाड गाडी लागलीय, वेल्हे गाडी लागलीय, प्रवाशांनी लाभ घ्यावा. लाखभर वेळा तरी सांगितलं असेल. एका माणसाने कधी येऊन सांगितलं नाही की साहेब, ऐकू आलं. तुमच्याकडे एक ओळ लिहिली की आभार. दुसरी लिहिली की परत आभार. मला वाटलं, तुम्हाला माझं लिहिणं आवडतंय."

आभारांच्या यंत्राचा प्रकार पद्मजाताईंनी त्यांना समजावून सांगितला. ते ऐकताना त्यांची मान खाली गेली. रत्ना येताना रस्ताभर मनात एकेक वाक्य रचत आली होती. नळावरचे, भावाच्या फोनचे, जिव्हारी लागेल असे. समोरचा माणूस बशीतला मोडका तुकडा उगाच सरळ करत होता, आणि त्या वाक्यांतले कुठलेच त्याच्या मापाचे निघेना.

"मी तुमच्याविषयी फार वाईट बोललो का हो?" मानसिंगरावांनी तिला विचारले.

"बोलला न्हाई, लिवलंत. बोलला असता तर म्या तितल्या तितंच उत्तर दिलं असतं, आन् मिटलं असतं." मग तिने बशी त्यांच्याकडे सरकवली. "खावा. गार झाल्यावर चामट हुतो."

निघताना तिने त्यांना आपला नंबर दिला आणि बजावले, इथून पुढे काही लिहायचे झाले तर आधी फोन करा.

मानसिंगराव सज्जन होते. त्यामुळे चूक सुधारायला त्यांनी उशीर केला नाही. दोघी गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत त्यांनी सर्व पोस्टखाली लिहून टाकले होते: 'नीराकाठच्या पापडांत धुण्याची पावडर नाही. मी स्वतः लाटणाऱ्या बाईंची भेट घेऊन खात्री केली आहे.'

पावडरीचे प्रकरण ज्यांना माहीतच नव्हते, अशा सर्वांना ते आता कळले. 'म्हणजे आधी होती का?' असे एकाने विचारले. 'खात्री कुठल्या प्रयोगशाळेत केली?' असे दुसऱ्याने. मिटवायला किती मिळाले, हेही एकाला हवे होते. टीम नीराकाठने तिघांचेही मनःपूर्वक आभार मानले.

पद्मजाताई घरी आल्या, पदर खोचला आणि मोबाईल घेऊन झोपाळ्यावर बसल्या. पहिला अभिप्राय पुसला. दुसरा पुसला. नारायणराव खुर्चीतून उठले.

"अगं, ते दप्तर आहे," ते म्हणाले.

"अहो, ग्रंथालयात पुस्तकाच्या कडेला पेन्सिलीने कुणी काही लिहून ठेवलं, की मी खोडरबर घेऊन बसायची. ते लिहिलेलं पुस्तकाचं दप्तर नव्हतं. घाण होती ती. आणि पुस्तक माझ्या ताब्यात होतं."

नारायणरावांना तोडीस तोड नियम आठवेना. शेवटी पुरावा म्हणून प्रत्येक मजकुराचा फोटो काढून ठेवावा, एवढी तडजोड झाली. मग ते फोटो काढत गेले आणि त्या पुसत गेल्या. तेवढा वेळ दोघे एकमेकांशेजारी बसल्याला बरीच वर्षे झाली होती.

आभारांचे यंत्र बंद करायला सौमित्रला बोलावले. तो म्हणाला, "काकू, आधी तुम्ही वाचाल आणि मग लोकांना दिसेल, अशीही सोय आहे यात. एक बटण दाबायचं फक्त."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला गर्दी हवी होती ना?"

"मला पापड विकायचे होते, सौमित्र."

सौमित्रने दोन बोटांनी हवेत काहीतरी लहान करून दाखवले आणि बटण दाबले.

पद्मजाताई ज्ञानूकडे स्वतः गेल्या, आणि चूक झाल्याचे आपल्या शब्दांत आपल्या पानावर जाहीरपणे लिहिले. ज्ञानूने नोटीस मागे घेतली. फक्त कोंबडीखाद्य दळत नाही असे लिहून त्या पोल्ट्रीवाल्यांना तोडू नये, अशी विनंती केली, कारण त्यांच्यासाठी त्याने एव्हाना वेगळी गिरणी बसवली होती. (म्हणजे वाऱ्याचे विधान आता निम्मे खरे आहे. बहुतेक अफवांना एवढीही मजल मारता येत नाही.) विंझरची गोणी पुन्हा सुरू झाली. मानसिंगराव रविवारी रत्नाला फोन करून तिकडे पाऊस कसा आहे ते विचारतात, आणि ती सांगते.

धंद्याचे काय झाले, याचाही आढावा घेणे आवश्यक आहे. गर्दी गेली. पापड तेवढेच खपले. पद्मजाताईंनी पडताळून पाहिले तेव्हा असे आढळले की, जे विकत घेत होते त्यांनी कधी काही लिहिले नव्हते, आणि जे लिहीत होते त्यांनी कधी विकत घेतले नव्हते, अपवाद मानसिंगराव. मुस्कटदाबी झाल्याची भावना मात्र तीव्र होती. तिच्या निषेधार्थ काही लोकांनी 'नीराकाठ खुला मंच' स्थापन केला. तिथे न खाल्लेल्या पापडांवर आजही साधकबाधक चर्चा चालते. सभासद मूळ पानापेक्षा जास्त आहेत.

मागच्या महिन्यात भोरला महिला उद्योजकांचा मेळावा झाला. तिथे पद्मजाताईंना अनुभवकथनाला बोलावले. त्यांनी सगळे सांगितले: परक्याचे शब्द आपल्या दारात कसे येतात, दार आपले असल्यामुळे ते आपले कसे होतात, रत्नाच्या भावाचा फोन, फेस, सगळे. सभागृह गंभीर झाले. काही जणींनी डोळे टिपले. टाळ्या झाल्या. चहाच्या वेळी एक सुशिक्षित बाई त्यांना बाजूला घेऊन गेल्या, पदराने ओठ पुसले आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "बोललात छान हो ताई. पण आता आपण दोघीच आहोत म्हणून विचारते. पावडर खरंच नव्हती ना?"

त्या बाईंना हसण्याचे कारण नाही. आपण वाचक समजूतदार आहात. आपल्याला मानसिंगराव माहीत आहेत, रत्ना माहीत आहे, आणि तापल्या तेलात ओला चमचा पडला की फेस येतोच, हेही माहीत आहे. तरीही पुढच्या वेळी घरात नाचणीचा पापड तळाल, तेव्हा गॅस जरा बारीक करून आपण कढईवर वाकणारच आहात.